न धरलेला उपवास

बाहुबली: हे बघा बाई, चौथीत तुमी मला शिकवलंय, माझ्या पोरीलाबी शिकवलंय, म्हणून दारातनं परत लावत न्हाय. पण आजच्या दिवसाला ह्या घरात डॉक्टरचं नाव काढू नका. नववा उपास हाय तिचा.

शालूबाई: म्हणूनच आले. सकाळी बस्तीसमोर, मंदिराच्या दारात, तिला गाडीतून उतरताना पाहिलं. दोघींनी दंडाला धरलं होतं.

बाहुबली: नऊ दिस नुसत्या पाण्यावर हाय. अंगातली ताकद जाणारच की. माझ्या आईनं सोळा उपास केलतं, तिलाबी असंच धरून न्यायला लागायचं.

शालूबाई: अक्काताईंचे सोळा उपवास मला आठवतात. मी रोज येत होते. तेराव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, शाळेतल्या मांजरीला पिल्लं झाली का म्हणून. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे जागे होते. आज मी आदितीला दोनदा नावानं हाक मारली. तिनं पाहिलं माझ्याकडं. पण भिंतीकडं पाहावं तसं.

बाहुबली: मौन असंल.

शालूबाई: मौन धरलंय का तिनं?

बाहुबली: न्हाय. पण धरतात की कोणकोण. बाई, तुमी बसा आधी. खुर्ची घ्या. आमच्या जैन धर्मातलं हे, तुमास्नी काय सांगायचं मी.

शालूबाई: चौतीस वर्षं बस्तीसमोरच्या शाळेत काढली मी, बाहुबली. तुमच्या दहा दिवसांच्या पर्वात कुणाच्या घरी कितवा उपवास आहे, हे वर्गात पोरंच सांगायची. मी उपवासाच्या विरुद्ध बोलायला आलेले नाही. एकच विचारते. उपवास धरायचा तर देवासमोर संकल्प करतात ना?

बाहुबली: करतातच. त्याबिगर उपास कसला.

शालूबाई: आदितीनं कधी केला?

बाहुबली: पंचमीला. पर्वाच्या पहिल्या दिशी.

शालूबाई: कुणासमोर? बस्तीतल्या उपाध्यांना विचारून आले मी. ते म्हणाले, पोर आली नव्हती, अक्काताईच येऊन यादीत नाव घालून गेल्या.

बाहुबली: मग आजीनं नाव घातलं तर काय बिघडलं? पंचमीला सकाळी पोरगी ताटावर आली न्हाय. आईनं इचारलं, उपास धरलास व्हय गं बाळ. तिनं मान हलवली. आई माझी रडायला लागली बघा आनंदानं. म्हणाली, घराण्यात माझ्यामागं कोण करणार ह्याची काळजी हुती, नातीनं मिटवली.

शालूबाई: आणि पंचमीच्या आधी? हॉस्टेल सोडून घरी आली त्याला महिना झाला. तेव्हा जेवत होती का?

बाहुबली: मी दिसभर दुकानात. पेंड, भुसा, गिऱ्हाईक. मला काय ठावं.

शालूबाई: आधी मागच्या दारानं स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या बायकोशी बोलून आले. ती म्हणाली, महिनाभर पोर भात कालवायची आणि तसाच ठेवून उठायची. भाकरी मागच्या दारानं म्हशीला. मग पंचमी आली, लोक यायला लागले, आणि पोरीच्या आईला तोंड उघडायची भीती वाटायला लागली. पदरानं डोळे पुसत सांगत होती. तुझ्या बायकोला कळलंय, बाहुबली. तुलाच कळून घ्यायचं नाही.

बाहुबली: आस्तं बोला. बाहेर माणसं हायत.

शालूबाई: आस्तेच बोलतेय.

बाहुबली: तुमास्नी सांगू का बाई. दोन वर्षं मी बाजारातनं मान खाली घालून चाललोय. पयल्या वर्षी नीटला नंबर लागला न्हाय, म्हटलं असूंदे, रिपीट कर. औंदा जूनमध्ये निकाल लागला, तर पयल्यापेक्षा कमी. तरीबी परत कोल्हापूरला क्लासला धाडली. दुकानात येणारा प्रत्येक माणूस पेंडीचं पोतं उचलायच्या आधी इचारणार, काय झालं आदितीचं? मी म्हणायचो, बघू, चाललंय. आणि आता बघा. चौकात तिचा डिजिटल बोर्ड लागलाय, एवढा मोठा. ज्यांनी नावं ठेवली तीच माणसं चपला काढून आत येत्यात, माझ्या पोरीच्या पायावर डोकं ठेवत्यात. परवा पारण्याला चारशे माणसांचं जेवण हाय. आणि तुमी म्हणताय हे सगळं खोटं.

शालूबाई: खोटं म्हणत नाही मी. पोर आजारी आहे म्हणते.

बाहुबली: ताप न्हाय, खोकला न्हाय.

शालूबाई: मला पंधरा मिनिटं तिच्याजवळ एकटी बसू दे. मग तू काय म्हणशील ते ऐकते.

बाहुबली: बसा. पण एक सांगतो, काय खायला घालू नका. माझ्या आईचा जीव जाईल.

शालूबाई: घालत नाही. आता घरी काही घालायचंही नाही तिला.

(आतली खोली. शालूबाई दार लोटून घेतात.)

शालूबाई: उठू नकोस. मी इथं खाली चटईवर बसते.

आदिती: तुम्ही पण पाया पडायला आलात का, बाई?

शालूबाई: नाही.

आदिती: बरं झालं. म्हातारी माणसं वाकतात ना, तेव्हा मला कसंतरी होतं. वाटतं, आता वर बघून कुणीतरी विचारणार.

शालूबाई: काय विचारणार?

आदिती: की खरंच धरलायस का.

शालूबाई: मी विचारते. खरंच धरलायस का?

आदिती: नाही.

शालूबाई: बरं.

आदिती: एवढंच? मला वाटलं तुम्ही रागवाल.

शालूबाई: कशाला रागावू. सांग पुढं. सावकाश सांग.

आदिती: जेवताच येत नव्हतं. घास तोंडात घेतला की तो तसाच राहायचा, गिळायचं कसं हेच विसरल्यासारखं. हॉस्टेलवर असतानाच सुरू झालं. मेसच्या मावशी ओरडायच्या, ताटात वाढून घेतीस आणि टाकून देतीस, अन्न हाय ते, म्हणून. मग मी मेसला जायचंच बंद केलं.

शालूबाई: क्लासमध्ये कुणाला सांगितलं नाहीस?

आदिती: सांगितलं. एका सरांना सांगितलं होतं. ते चांगले आहेत. म्हणाले, सगळ्यांनाच होतं असं, सकाळी पळायला जा, मन फ्रेश राहील. मी आठ दिवस पळले, बाई. रंकाळ्याला. पळताना रडायचे. घाम येतो ना, त्यामुळं कुणाला कळत नाही.

शालूबाई: आणि मग?

आदिती: मग एकदा क्लासनं मोठं लेक्चर ठेवलं, टेन्शन कसं घालवायचं त्याचं. दोनशे मुलं होती हॉलमध्ये. पाहुणे म्हणाले, ज्यांना टेन्शन आहे त्यांनी हात वर करा. पुढच्या बाकांवर सगळे टॉपर बसले होते. एकही हात वर आला नाही. मी पण नाही केला. ते म्हणाले, वा, ही तर स्ट्रॉंग बॅच आहे. सगळे हसले. मी पण हसले.

शालूबाई: आदिती, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. माझीच आहे. चौथीच्या वर्गात मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. प्रत्येकाचं चित्र आणि खाली मोठेपणी कोण होणार ते.

आदिती: माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप होता.

शालूबाई: तो मी काढला होता. तुला मी विचारलंही नव्हतं. तू गाय काढत बसली होतीस वहीत. मी म्हटलं, आदिती हुशार आहे, डॉक्टर होईल. गॅदरिंगला माइकवरून म्हटलं. तुझे वडील पहिल्या रांगेत होते.

आदिती: पप्पांनी त्या तक्त्याचा फोटो दुकानात लावलाय.

शालूबाई: माहीत आहे. म्हणून मी त्या दुकानात जायची बंद झाले.

आदिती: तुमची चूक नाही, बाई.

शालूबाई: तू माझी समजूत नको काढूस. आज तरी नको. मी आता एक सरळ विचारते, आणि तू काहीही सांगितलंस तरी मी उठून जाणार नाही. जगू नये असं वाटतं का तुला?

आदिती: असं कुणी विचारत नाही.

शालूबाई: मी विचारतेय.

आदिती: ठरवलं वगैरे काही नाही. खरंच नाही. फक्त परवाच्या पुढचं दिसत नाही. उद्याचा दिवस दिसतो. अनंत चतुर्दशी, पूजा, गर्दी. परवा पारणं. आजी पहिला घोट पाजणार, सगळे टाळ्या वाजवणार, फोटो काढणार. आणि मग पुढं काहीच नाही. परीक्षेत पान उलटावं आणि पेपर तिथंच संपलेला असावा, तसं. सकाळी डोळे उघडले की वाईट वाटतं, उघडले म्हणून. आणि त्याची मला भीती पण वाटत नाही. तुम्हाला वाटते का?

शालूबाई: हो. खूप वाटते.

आदिती: पप्पांना सांगू नका.

शालूबाई: सांगणार आहे. तुझ्या पाठीमागं नाही, तुझ्यासमोर सांगणार. बाकी तू जे बोललीस ते माझ्याजवळ राहील. पण हे एक मी कुणाच्याही सांगण्यावरून झाकून ठेवणार नाही.

आदिती: तुम्हाला कळत नाही, बाई. नऊ दिवस झाले, पप्पा दुकान लवकर बंद करून येतात आणि माझ्या शेजारी बसतात. नुसते बसतात. कधीतरी पंख्यानं वारा घालतात. निकाल लागल्यापासून ते माझ्या खोलीत आले नव्हते. मी उठून जेवले तर ते परत दुकानात जाणार.

शालूबाई: हे त्यांना माहीत आहे?

आदिती: कसं सांगायचं असतं असं?

बाहुबली: बाई, पंधरा मिन्टं कवाच झाली. नेसरीचं पावणं आल्यात, गाडी करून आल्यात एवढ्या लांबनं. आदू, जरा नीट बस बाळ, पदर घे खांद्यावर. पाठीला उशी देऊ का?

शालूबाई: दार लाव आणि खाली बस, बाहुबली.

बाहुबली: माणसं उभी हायत दारात.

शालूबाई: राहू देत. बस. आदितीनं उपवास धरलेला नाही. तिला हॉस्टेलवर असल्यापासून अन्न जात नाही. आणि परवाच्या पुढं जगायचं तिला दिसत नाही. हे तिनं आत्ता मला सांगितलं, आणि तिच्यादेखत मी तुला सांगतेय.

बाहुबली: काय बोलताय हे. आदू, काय बोलत्यात ह्या? सांग त्यास्नी.

आदिती: मला बरं नाही, पप्पा.

बाहुबली: थकवा हाय बाळ तो. नऊ दिस झालं.

आदिती: त्याच्या आधीपासून.

शालूबाई: सकाळी मी घरी गेले आणि फोन घेऊन बसले. सरकारचा एक नंबर आहे, चौदा चार सोळा, त्यावर आधी बोलले. तिकडून एक मुलगी बोलत होती, तुझ्या आदितीपेक्षा थोडीच मोठी असेल. ती म्हणाली, एकटं सोडू नका आणि सरळ विचारायला घाबरू नका. मग मोनाला लावला. माझ्या हाताखाली शिकलेली मोना, आता कोल्हापुरात राजारामपुरीत एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नर्स आहे. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन दिला. त्या म्हणाल्या, इतके दिवस पोटात काही नसलं तर घरी एकदम खायला घालू नका, ते अंगावर येतं, आधी घेऊन या. रक्त तपासतील, दाखल करून घ्यावं लागेल. चार वाजता बोलावलंय.

बाहुबली: आज?

शालूबाई: आज. आत्ता दोन वाजलेत.

बाहुबली: येड्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं. उपास चालू असताना. पारणं दोन दिसांवर असताना. बाई, तुमी शिकवता, पण तुमास्नी गाव ठाऊक न्हाय. एकदा त्या पायऱ्या चढली की पोरगीच्या नावावर ते चिकटतंय. स्थळ कोण आणणार हिला? धाकट्या पोरीला कोण आणणार? आणि चारशे माणसास्नी मी काय सांगू, चूक झाली, घरी जावा?

शालूबाई: जेवण होऊ दे. लोक जेवतील.

बाहुबली: तुमचं काय जातंय. तुमास्नी लेकरू न्हाय.

शालूबाई: नाही.

बाहुबली: बाई, तसं नव्हतं म्हणायचं मला.

शालूबाई: म्हणालास ते खरंच आहे. मला नाही. तुला आहे, अजून आहे, म्हणून मी इथं बसलेय.

बाहुबली: शनवारी नेतो. आईशप्पत नेतो. पारणं होऊंदे, दुसऱ्या दिशी सकाळी मी सोता गाडी काढतो, कोल्हापूर म्हणा, पुणं म्हणा. दोनच दिस. आदू, ऐक माझं. एवढं दोन दिस काढशील न्हवं बाळ? पप्पासाठी?

आदिती: काढीन.

बाहुबली: बघा. म्हणाली की ती.

शालूबाई: ऐकलं मी. तू ऐकलंस का?

बाहुबली: काय?

शालूबाई: तिचा आवाज. क्लासला जातेस का म्हटल्यावर हाच आवाज आला असेल. रिपीट कर म्हटल्यावर हाच. उपास धरलास का म्हटल्यावर तर आवाजही नाही, नुसती मान. तुझी पोर तुला कधीच नाही म्हणणार नाही, बाहुबली. तिच्या हो वर तू दोन दिवस टाकू नकोस.

बाहुबली: आदू, माझ्याकडं बघ. मी इचारतो ते खरं सांग. रागवत न्हाय. शनवार दिसतोय का तुला?

आदिती: पप्पा, तुम्ही नका रडू.

बाहुबली: मी इचारलं ते सांग.

आदिती: नाही दिसत.

बाहुबली: माझ्या दुकानात येऊन बसायचीस लहानपणी. पेंडीच्या पोत्यावर. शनवारी शाळा लवकर सुटायची म्हणून. शनवार दिसत न्हाय म्हणतीस.

आदिती: खूप प्रयत्न केला, पप्पा. अभ्यासापेक्षा जास्त केला.

शालूबाई: ऊठ, बाहुबली. नेसरीची माणसं उभी आहेत. काहीतरी सांग त्यांना.

बाहुबली: काय सांगू? पोटात दुखतंय म्हणू?

शालूबाई: तुला जे जमेल ते सांग. मी काही शिकवत नाही.

बाहुबली: (दार उघडून, बाहेरच्यांना) जय जिनेंद्र पावणं, बसा, पाणी घ्या. न्हाय, आत येऊ नका. आज पाया पडायचं न्हाय तिच्या. रागावू नका. एवढ्या लांबनं आलासा, पण… पोरगी आजारी हाय माझी. उपास न्हवता तो. आम्हालाच कळलं न्हाय. व्हय, आई, तूबी ऐक. आजारी हाय ती. कोल्हापूरला नेतोय.

आदिती: बाई, आजी उठून देवघरात गेली.

शालूबाई: त्यांना वेळ लागेल. तू माझ्या खांद्यावर भार दे. हळू. चक्कर आली तर लगेच खाली बसायचं, लाजायचं नाही.

आदिती: तिथं गेल्यावर सगळं परत सांगावं लागेल?

शालूबाई: जेवढं जमेल तेवढं.

आदिती: आणि गोळ्या घेऊनसुद्धा हे असंच राहिलं तर?

शालूबाई: तर परत जाऊ. डॉक्टर औषध बदलतील. परत बोलायचं. कंटाळा येईल तुला, मला पण येईल. तरी जायचं.

बाहुबली: गाडी मागच्या दाराला लावलीया. तिची आई येतीया संगं, कापडं भरून घेतल्यात. बाई, जरा इकडं या. तिला ऐकू जाऊंदे नको.

शालूबाई: बोल.

बाहुबली: बरी हुईल न्हवं ती?

शालूबाई: मला माहीत नाही.

बाहुबली: असं म्हणू नका. तुमी आमच्या बाई. तुमास्नी सगळं म्हाईत असायचं.

शालूबाई: चौथीपर्यंतचं, बाहुबली.